पंखा बंद करा

मरणापुढे सगळी माणसं समान असतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या सेवा क्लबच्या नेत्रदान समितीत मी बरीच वर्षं काढली आणि नाहूरपासून मुलुंडपर्यंतची पुष्कळ घरं मरणानंतरच्या पहिल्या तासात पाहिली. माणसं समान असतात. फक्त लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गेलेला माणूस थोडा कमी समान असतो, एवढं माझ्या गुडघ्यांना कळलेलं आहे.

कागदावर समितीत नऊ जण होते. प्रत्यक्षात दोघं: मी आणि शांताराम दळवी. बाकीच्या सात जणांचा दोष नाही. आमचा क्लब वह्या वाटतो, रक्तदान भरवतो, मोतीबिंदूची शिबिरं घेतो, आणि या सगळ्यांचे फोटो निघतात. नेत्रदानाचा फोटो काढता येत नाही. काढला तरी तो कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यामुळे त्या समितीवर कधीच गर्दी झाली नाही.

दळवींना मी पहिल्यांदा कामावर पाहिलं ते नाहूर स्टेशनजवळच्या एका घरात. घरातले वडील तासाभरापूर्वी गेले होते. बाहेर चपलांचा ढीग, आत बायका भिंतीला टेकलेल्या, मुलगा फोनवर. दळवी दारात चपला काढून आत आले, हात जोडले, आणि कुणाशी एक शब्द न बोलता स्विचबोर्डाकडे गेले. पंखा बंद केला. मग वळून म्हणाले, "पंखा बंदच ठेवा."

पंखा थांबायला जो वेळ लागतो तो तोपर्यंत मला कधी मोजावासा वाटला नव्हता. खोलीतली सगळी माणसं वर बघत राहिली. पाती दिसायला लागली, मग एकेक पातं, मग पात्यावरची धूळ. पंखा थांबला आणि त्या घराला पहिल्यांदा कळलं की काय झालं आहे. कोपऱ्यातली एक बाई तेव्हा कुठे रडली.

कारण साधं आहे. वाऱ्याने डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सुकतो आणि सुकलेला पडदा कुणाच्या उपयोगाचा नसतो. म्हणून पंखा बंद करायचा, डोकं दोन उशांवर उचलायचं, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं माणूस येईल असं बघायचं. हे कुठल्याही पत्रकावर छापलेलं असतं. पण पत्रक वाचणं वेगळं आणि एक बुटका, पांढऱ्या हाफ शर्टातला माणूस आपल्या घरात शिरून पंखा बंद करताना बघणं वेगळं.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात कापूस, पाण्याची छोटी बाटली आणि काळ्या कातडी म्यानातलं एक भिंग. भिंग नोकरीतलं. दळवी भांडुपच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बेअरिंग तपासत होते. वडील कणकवलीकडून येऊन गिरणीत लागलेले; मुलगा कारखान्यात लागला आणि दोन्ही ठिकाणी आता मोठे टॉवर आहेत. नोकरी संपली तरी तपासणी राहिली. चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणत, "पास." वडा तोडून बघत आणि म्हणत, "रिजेक्ट." आमचे अध्यक्ष नाडकर्णी भाषणाला उभे राहिले की तिसऱ्या वाक्याला माझ्या शेजारून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात यायचं, "रिजेक्ट."

नाडकर्णी तसे वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांचं स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचं दुकान आहे आणि क्लबला चहा नेहमी त्यांच्याकडून येतो. पण अध्यक्षपदाची एक पितळी साखळी आहे, निळ्या रिबिनीची. ती गळ्यात पडली की त्यांचं मराठी बदलतं. मग समोर पाच माणसं असली तरी "उपस्थित समस्त बंधुभगिनींनो". एकदा बाहेरचे एक वक्ते 'सेवेतील आनंद' या विषयावर बोलत असताना नाडकर्णींना व्यासपीठावरच झोप लागली. मान मागे पडलेली, तोंड उघडं. दळवी उठले, व्यासपीठावर गेले आणि नाडकर्णींच्या डोक्यावरचा पंखा बंद करून परत येऊन बसले.

"अहो, हे काय?" मी म्हणाले.

"सवय, बाई."

नाडकर्णी घामाने जागे झाले. दळवी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यानंतर त्या सभेत त्यांना झोप आली नाही, आणि मला वाटतं, घरी गेल्यावरही आली नसावी.

घरच्या माणसांना डोळे देण्याबद्दल विचारायचं काम दळवी स्वतः करत. मी मुद्दे तयार करून ठेवले होते: पुण्य, परोपकार, चेहरा विद्रूप होत नाही, वगैरे. त्यांनी त्यातलं काही वापरलं नाही. ते मुलासमोर किंवा नवऱ्यासमोर उकिडवे बसत आणि म्हणत, "माझ्या बायकोचे दिलेत. कुठेतरी बघतायत."

एवढंच. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, समोरचा माणूस एकदा आपल्या मागे वळून बघायचा. मीही पहिले काही महिने बघत होते.

बायकोचं नाव सुलभा. क्लबने केलेलं पहिलं नेत्रदान तिचं. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. नेत्रपेढीचा माणूस म्हणाला पंखा बंद करा, म्हणून दळवींनी उठून पंखा बंद केला. पुढे महिन्याभराने नेत्रपेढीचं पत्र आलं. दोन व्यक्तींना दृष्टी मिळाली, आपले आभार. नावं नाहीत, नावं द्यायची नाहीत असा नियमच आहे. ते पत्र दळवींनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या तळाशी, कापसाखाली ठेवलं होतं. एकदा रिक्षात त्यांनी मला ते दाखवलं.

"दोन माणसं आहेत, बाई. ह्या शहरात असतील नाहीतर बाहेर. पण आहेत."

"असणारच."

"ती काय बघत असतील?"

मी ग्रंथपाल होते. ज्या प्रश्नाला पुस्तक नाही त्यापुढे गप्प बसायची मला शिस्त आहे. ते पुढे म्हणाले, "सुलभाची एक खोड होती. माणूस आला की आधी त्याच्या पायाकडे बघायची. मग वर. चपलेवरनं माणूस कळतो म्हणायची. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा हिने अर्धा तास माझे बूटच बघितले. रिजेक्ट होतो की काय असं झालं मला."

"पास झालात की."

"बूट भावाचे होते," दळवी म्हणाले.

एका माणसाला तरी शोधायचं, सुलभाच्या डोळ्यांनी बघणारं एक माणूस एकदा समोर उभं राहिलेलं बघायचं, यासाठी दळवी आमच्या समितीत होते. सेवा, समाज, ऋण वगैरे नंतर. हे त्यांनी कधी लपवलं नाही. नेत्रपेढीतून रोहिणी कांबळे नावाची मुलगी यायची. मूळची लातूरकडची, मुलुंडच्या वसाहतीत वाढलेली, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून उतरणारी. काम वीस मिनिटांत, हात अगदी स्थिर. प्रत्येक वेळी ती पेटी बंद करायला लागली की दळवी विचारायचे, "काय गो चेडवा, तेव्हाचे कुणाला लागले, कळेल काय?"

"काका, नियम आहे ना."

"नियम आहे ते माहीत आहे. कळेल काय?"

"मलाच नाही कळत, तर तुम्हाला काय सांगू? आणि कळून काय करणार? अहो, पडदा असतो तो. घड्याळाच्या काचेसारखा. काच कधी ओळखू येते का?"

"मी एकतीस वर्षं बेअरिंग बघितली. सगळी सारखीच. तरी माझ्या हातातनं गेलेलं मला कळायचं."

रोहिणी माझ्याकडे बघून मान हलवायची. पण त्यानंतर ती पेटी उचलताना त्यांच्याकडे पाठ करायची, एवढं मी पाहिलं होतं.

आता विंगेची गोष्ट सांगायला हवी, कारण दळवींचं नाव झालं ते तिच्यामुळे.

दुपारी फोन आला: अमुक सोसायटी, तिसरा मजला, तीनशे दोन. आमची घर ओळखायची एक पद्धत होती. पत्ता कितीही चुकला तरी ज्या दारासमोर चपलांचा ढीग आणि दार सताड उघडं, ते घर. ही खूण कधी चुकली नव्हती. दळवी जिना चढण्यात माझ्यापेक्षा तरबेज. मी दुसऱ्या मजल्यावर दम घेत होते तोवर ते आत पोचले होते. मी वर आले तर चपलांचा ढीग होता, दार उघडं होतं. चपला जरा लहान मापाच्या होत्या, पण ते मला नंतर आठवलं.

आत पलंगावर एक म्हातारे गृहस्थ. पंखा थांबत आलेला. डोक्याखाली दोन उशा, दोन्ही डोळ्यांवर ओला कापूस. दळवी शेजारी हात जोडून उभे. सगळं यथास्थित. फक्त आतल्या खोलीतून बारीक आवाजात येत होतं, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस."

मी म्हातारबुवांच्या छातीकडे पाहिलं.

"दळवी, हे श्वास घेतायत."

दळवी वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. "घेतायत खरे," ते म्हणाले.

तेवढ्यात कापसाखालून आवाज आला. "कोण आहे?"

आमच्या पत्रकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"पंखा कुणी बंद केला?"

"मी केला," दळवी म्हणाले. "लावतो. विंग चुकली आमची."

"नको," म्हातारबुवा म्हणाले. "राहू दे बंद. बरं वाटतंय."

"कापूस काढतो."

"तोही राहू दे जरा. थंड आहे."

आतून सून बाहेर आली. ती शिकवण्या घ्यायची. चपला मुलांच्या होत्या. "कोण पाहिजे तुम्हाला? आणि बाबांच्या डोळ्यांवर काय ठेवलंय हे?" आम्ही तिची किती वेळा माफी मागितली ते आठवत नाही. बी विंगेतलं तीनशे दोन आम्ही धावत गाठलं. तिथे दाराबाहेर दोनच चपला होत्या.

म्हातारबुवांचं आडनाव पेडणेकर. नऊ दिवसांनी पुन्हा त्याच सोसायटीतून फोन आला. या वेळी ए विंगच. सून दारात उभी होती. तिने दळवींकडे पाहिलं आणि बाजूला होत म्हणाली, "बंदच आहे. त्या दिवसापासून लावूच दिला नाही त्यांनी."

पेडणेकर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि डिसेंबर चालू होता. डिसेंबरात अनेक जिवंत माणसं पंखा बंद ठेवतात. हे मी पुढे कितीतरी लोकांना समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. महिन्याभरात आमच्या भागात दळवींच्या नावाची दहशत बसली. आजारी माणसाला भेटायला ते गेले की लोक म्हणत, "काका, इथे बाहेरच बसा, आत गर्दी आहे." एका घरी तर स्विचवर चिकटपट्टी लावलेली मी पाहिली. गणपतीला दळवींना घरी बोलावलेल्या एक बाई आरतीभर स्विचबोर्डाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि कापूर घ्यायलासुद्धा हलल्या नाहीत.

"तुम्हाला काही वाटत नाही याचं?" मी एकदा विचारलं.

"काय वाटायचंय? फोन तर येतात ना." आणि ते खरं होतं. भीती वाटली तरी माणूस गेल्यावर लोक दळवींनाच फोन करत. ते फोन उचलत तेव्हा मला मात्र प्रत्येक वेळी शंका यायची की त्यांचा हात फोन वाजायच्या आधीच खिशाकडे गेला होता. ती शंका मी समितीच्या इतिवृत्तात लिहिली नाही.

या काळात त्यांची शोधमोहीम चालूच होती. भाजी घेताना, रिक्षात बसताना, बँकेच्या रांगेत ते थोडे मागे सरकून उभे राहत, समोरच्याला आपले पाय दिसतील असे. आणि वाट बघत. बहुतेक माणसं बहुतेक वेळा फोनकडे बघतात. एखादं चुकून पायांकडे बघायचं, तेव्हा दळवींच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला मला आवडत नसे. ते त्या माणसाजवळ जाऊन खालून वर डोळ्यांत बघत. माणूस घाबरून निघून जायचा. "रिजेक्ट," ते म्हणायचे, आणि भाजीची पिशवी उचलायचे.

मग क्लबला पंचवीस वर्षं झाली. नाडकर्णींनी मुलुंडचा हॉल घेतला, साखळीला पॉलिश करून आणलं, आणि आठवडाभर आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, कुणाला बोलू नका. दळवींसाठी सरप्राइज आहे. वहिनींचे डोळे ज्या महिलेला मिळाले, तिला स्टेजवर आणतोय."

"कुठून शोधली?"

"आपले सोर्सेस असतात."

"नावं देत नाहीत ती. नियम आहे."

"बाई, नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात." साखळी तेव्हा त्यांच्या गळ्यात नव्हती, तरी ते असं बोलले, त्यावरून प्रकरण हाताबाहेर गेल्याचं मी ओळखलं.

मी रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, "शक्यच नाही. कुणीतरी भलतीच बाई उभी करतायत ते. काकांना सांगा, नाहीतर वाट लागेल त्यांची."

दळवींना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांनी उघडलं. क्लबमध्ये कुठलंही सरप्राइज दोन दिवस टिकत नाही, आणि याही वेळी टिकलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर काळे बूट. नवे. अगदी नवे, तळव्याला किमतीचा कागद अजून चिकटलेला. दळवी, ज्यांना मी इतकी वर्षं चपलांत पाहिलं होतं, त्या बुटांना फडकं मारत होते.

"कसे वाटतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला आले होते ते सांगायची वेळ तीच होती.

"पास," मी म्हणाले.

समारंभाला हॉल भरला. नाडकर्णींनी साखळी सावरत 'एक भावस्पर्शी क्षण' जाहीर केला आणि एका बाईला बोलावलं. हिराबाई, मनोरीची, पन्नाशीची, सुके मासे विकणारी. मार्व्याच्या धक्क्यावरून नाडकर्णींच्या गाडीने आणली होती. तिला काय सांगून आणलं होतं कुणास ठाऊक. ती तीन पायऱ्या चढून व्यासपीठावर आली. दळवी दुसऱ्या टोकाला उभे होते, सरळ, दोन्ही पाय जुळवून.

हिराबाईने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. चांगलं निरखून. मग हळूहळू वर.

हॉलमध्ये कुणाला यातलं काही माहीत नव्हतं, तरी एवढं शांत झालं की माइकची घरघर ऐकू आली. दळवींनी म्यानातून भिंग काढलं. "बघू काय?" असं विचारून ते तिच्या जवळ गेले आणि आधी तिचा उजवा डोळा पाहिला, मग डावा. मी पहिल्या रांगेत होते. एका डोळ्यात दिव्याची बारीक चमक उठलेली मला खालूनही दिसली.

भिंग मिटून दळवींनी विचारलं, "पट्टी काढली, तेव्हा पहिलं काय दिसलं तुम्हाला?"

हिराबाईने विचार केला. तिने वर पाहिलं. "पंखा," ती म्हणाली. "वरचा पंखा. बंद होता."

दळवींचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही, कारण तो काहीच करत नव्हता. भिंग म्यानात सरकवून ते म्हणाले, "पास."

नाडकर्णींनी माइक ओढला. "पास! दळवी म्हणतायत पास! टाळ्या!" टाळ्या पडल्या. फोटो निघाले. नेत्रदान समितीचा तो पहिला फोटो.

जेवणं चालू असताना दळवी मला गच्चीच्या दाराशी भेटले. हातात बशी, बशीत न खाल्लेला शिरा.

"लेन्स चमकते, बाई," ते म्हणाले. "पडद्याचं नाही ते. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आपल्याच शिबिरातलं असेल."

"मग पास कशाला म्हणालात?"

"ती होडीतनं आलीय. खाडी ओलांडून. तिला काय तिथे उभी करून रिजेक्ट म्हणू?"

बशीतला शिरा चमच्याने सारत ते म्हणाले, "पण बूट बघितले तिने."

"दळवी, गरीब माणसाला स्टेजवर बोलावलं की ते खालीच बघतं."

"आणि पंखा?"

"ऑपरेशन झालं की उताणं झोपवतात. उताण्या माणसाला पंखाच दिसणार."

"बंद?"

"एसी असतो."

दळवींनी शिऱ्याचा एक घास खाल्ला. "तुमचं सगळं बरोबर असतं, बाई," ते म्हणाले. एवढं बरोबर असल्याचा मला त्याआधी आणि नंतरही कधी इतका कंटाळा आला नाही. मनोरीची शेवटची होडी चुकेल म्हणून ते स्वतः हिराबाईला रिक्षात बसवायला गेले. खाली फाटकाशी ती दोघं बराच वेळ बोलत उभी होती. बोलत हिराबाई होती. दळवी बुटांकडे बघत होते.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. पुढच्या कामाच्या वेळी रोहिणीने पेटी बंद केली, सवयीने पाठ केली आणि थांबली. मागून प्रश्न आला नाही.

"काका, आज विचारलं नाहीत?"

"काय?"

"नेहमीचं."

"नको," दळवी म्हणाले. "भेटली."

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो अर्थातच बंद होता.

दळवी त्यानंतर दीड वर्ष होते. काम तसंच करत, पण घरी गेलं की त्यांच्याकडे पंखा बंद. मे महिन्यात मी एकदा एक अर्ज द्यायला गेले तर भिंतींनाही घाम येईल असा उकाडा, आणि हे खुर्चीत स्वस्थ बसलेले. बूट दाराशी, टोकं उंबऱ्याकडे, आत येणाऱ्याला आधी तेच दिसावेत असे. पॉलिश केलेले. पायात चपला.

"अहो, पंखा लावा. उकडत नाही का?"

"उकडतंय ना," ते म्हणाले. "सवय करतोय."

हा विनोद होता असं मी तेव्हा धरून चालले. अजूनही बहुतेक दिवस तसंच धरून चालते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला. "बाई, जरा छातीत बरं वाटत नाही. डॉक्टरांना फोन केलाय, दवाखाना आटपून येतो म्हणाले. तुम्ही येता काय?"

"निघालेच. अॅम्ब्युलन्स बोलावू?"

"नको, एवढं काही नाही. कुकर लावायचाय अजून. आणि रोहिणीला सांगून ठेवा."

"रोहिणी कशाला?"

"सांगून ठेवा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अॅम्ब्युलन्सही बोलावली आणि रोहिणीलाही सांगितलं. मी पोचेपर्यंत अर्धा तास गेला. त्यांची इमारत जुनी, चौथा मजला. दार लोटलेलं होतं. बाहेर चपला नव्हत्या. आत उंबऱ्याशी ते बूट होते, आणि माझी नजर आधी त्यांच्यावर गेली. मग वर.

दळवी पलंगावर होते. डोक्याखाली दोन उशा. डोळ्यांवर कापूस. शेजारी बिस्किटांचा डबा, झाकण नीट लावलेला. पंखा बंद.

मी कापसाला हात लावला. ओला होता.

स्वयंपाकघरात पातेल्यात दोन वाट्या तांदूळ धुऊन ठेवलेले होते. एकट्या माणसाला दोन वाट्या जास्त होतात. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी तपासून मान हलवली. डॉक्टर आले, हृदय म्हणाले, दाखला लिहिला. मग रोहिणी आली. तिने खोलीभर एकदा बघितलं, आणि एवढी कामं केलेली मुलगी दारातच थांबली.

"बाई, पंखा तुम्ही बंद केलात ना?"

"नाही."

"कापूस?"

"नाही."

शेजारचे गृहस्थ मागे उभे होते. ते म्हणाले, "लाइट नाहीयेत सकाळपासून. खाली मीटरचं काम चाललंय." त्यांना आम्हाला धीर द्यायचा असावा. मी जाऊन स्विच पाहिला. तो बंद होता. पण त्यांच्या घरी तो नेहमीच बंद असायचा, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कापूस तर ते उन्हाळ्यात थंडाव्यासाठीही डोळ्यांवर ठेवत असतील. पेडणेकर आजोबांना आवडला होताच. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण सापडतं. मी अजून दोन वाट्या तांदळांचं शोधते आहे.

रोहिणीने काम केलं. वीस मिनिटं, हात स्थिर. ती पेटी बंद करायला लागली तेव्हा खोलीत काहीतरी राहून गेल्यासारखं झालं, म्हणून मीच विचारलं, "कुणाला लागतील, कळेल का गं?"

"बाई, नियम आहे," ती म्हणाली आणि पाठ केली.

क्लबने शोकसभा घेतली. नाडकर्णी साखळी घालून आले, पण बोलताना एका वाक्यावर अडकले आणि ती काढून खिशात ठेवली. मग जे बोलले ते बरं होतं. दळवींचं कायमचं स्मारक व्हावं असा ठराव एकमताने मंजूर झाला. सोसायट्यांच्या वापरासाठी असलेल्या आमच्या भागातल्या हॉलला क्लबतर्फे चार पंखे देण्यात आले. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात सुबक अक्षरांत लिहून घेतलं आहे: एका पात्यावर 'कै. शांताराम', दुसऱ्यावर 'दळवी यांच्या', तिसऱ्यावर 'स्मरणार्थ'.

पंखे चांगले आहेत, भरपूर वारा देतात. फिरत असताना नाव वाचता येत नाही. वाचायचं असेल तर पंखा बंद करावा लागतो.